आंबा बागायतदारांच्या सर्वेक्षणासाठी डेटाबेस कसा रचायचा

तीन वर्षं मी एकाच एक्सेल फायलीवर काम केलं. हापूसच्या बागांचं सर्वेक्षण होतं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातलं. पहिल्या वर्षी रचना अगदी सरळ होती: प्रत्येक प्रश्नाला एक कॉलम, प्रत्येक बागायतदाराला एक ओळ. दुसऱ्या वर्षी वादळामुळे मध्येच चार प्रश्न घातले आणि पुढचे सगळे कॉलम सरकले. तिसऱ्या वर्षी कुणीतरी 'किती पेट्या आंबा निघाला?' हा प्रश्न बदलून 'किती डझन?' असा केला, पण कॉलम जुनाच ठेवला. मग एका बैठकीत साधा प्रश्न आला: "उत्पादन वाढतंय की घटतंय?" आकडे सगळे होते, पण कुठला आकडा पेट्यांचा आणि कुठला डझनांचा हे कुणालाच सांगता येईना. लोकांनी ऐन कामाच्या दिवसांत पडवीत तासभर बसून आम्हाला माहिती दिली होती आणि ती आमच्या रचनेमुळे वाया गेली. ही गोष्ट मला अजून बोचते.

त्यानंतर मी सर्वेक्षणाचा डेटाबेस वेगळ्या पद्धतीने रचायला शिकलो. ती पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट किंवा मायएसक्यूएल यांपैकी कोणतंही डेटाबेस सॉफ्टवेअर वापरत असाल तरी रचना तीच राहते. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

फॉर्म आणि टेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं आधी लक्षात ठेवा. फॉर्म माणसाशी बोलण्यासाठी असतो. त्याचा क्रम, त्यातले शब्द, पानांची मांडणी दरवर्षी बदलणारच. म्हणून काय विचारलं, कुणाला विचारलं आणि काय सांगितलं या तीन गोष्टी डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या राहायला हव्यात.

पहिली पायरी: प्रश्न कशाबद्दल आहे ते ठरवा

संगणक उघडण्याआधी छापील फॉर्म घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहा: हा माणसाबद्दल आहे, कुटुंबाबद्दल, बागेबद्दल, झाडांबद्दल की त्या दिवशीच्या भेटीबद्दल? दोन तास गेले तरी चालतील. पुढचे दोन महिने वाचतात.

कोकणात या कामाला फार महत्त्व आहे. एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावं असतात. त्यातले बरेचजण मुंबईला, गणपतीला येणारे. बाग बघतो धाकटा भाऊ. मोहोर आल्यावर तीच बाग व्यापाऱ्याला कराराने दिलेली असते. फवारणीचा खर्च मग कुणाचा? भावाला विचारलं तर तो म्हणेल, "काहीच नाही." खरं तर खर्च भरपूर झालेला असतो, फक्त तो करारदाराने केलेला असतो. 'बागायतदाराचं नाव' असा एकच कॉलम ठेवलात तर हे सगळं एका नावाखाली दडपलं जातं.

म्हणून 'व्यक्ती' हे एक टेबल, 'बाग' हे दुसरं आणि त्या दोघांना जोडणारं 'बाग_व्यक्ती' हे तिसरं. जोडणाऱ्या टेबलात बागेचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक, भूमिका (मालक, सहहिस्सेदार, कसणारा, करारदार) आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं असावं. एका बागेला अनेक माणसं आणि एका माणसाच्या अनेक बागा, दोन्ही त्यात बसतं.

गावाचंही तसंच. आपल्याकडे गाव म्हणजे वाड्यांचा समूह, आणि देऊळवाडी, वरचीवाडी, खालचीवाडी, बंदरवाडी ही नावं गावोगावी सापडतात. नुसतं वाडीचं नाव साठवलं तर दोन तालुक्यांतल्या देऊळवाड्या एकत्र होतात. 'गाव' आणि 'वाडी' अशी दोन टेबलं ठेवा, वाडीत गावाचा क्रमांक ठेवा आणि गाव व वाडीचं नाव मिळून युनिक करा, म्हणजे तीच जोडी दोनदा घालता येणार नाही. गावासाठी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी संकेतांक एका कॉलममध्ये ठेवलात, तर पुढे सरकारी आकडेवारीशी जोडणं सोपं जातं. गावाच्या नावाचं स्पेलिंग कागदागणिक बदलतं, संकेतांक बदलत नाही.

दुसरी पायरी: प्रश्न म्हणजे कॉलम नव्हे, ओळ

'प्रश्न' नावाचं टेबल करा. नवा प्रश्न आला की नवी ओळ, कॉलमला हात लावायचा नाही. इथपर्यंत बहुतेक लोक पोचतात. चूक पुढे होते: प्रश्नाचा मजकूर याच टेबलात ठेवतात आणि पुढच्या वर्षी तो मजकूर दुरुस्त करतात. त्या क्षणी जुन्या सगळ्या उत्तरांचा अर्थ मागच्या मागे बदलतो. आमच्या पेटी-डझनाचं नेमकं हेच झालं होतं.

उपाय म्हणजे दोन टेबलं:

प्रश्न: प्रश्न_क्र, संकेत (उदाहरणार्थ 'उत्पादन_हापूस'), हेतू
प्रश्न_आवृत्ती: आवृत्ती_क्र, प्रश्न_क्र, मजकूर, प्रकार, एकक, सूचना, लागू_तारीख

'प्रश्न' सांगतो की आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे. 'प्रश्न_आवृत्ती' सांगते की ते नेमक्या कोणत्या शब्दांत विचारलं. एकदा एका जरी माणसाला विचारली गेलेली आवृत्ती पुन्हा बदलायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. एक शब्द बदलायचा झाला तरी नवी आवृत्ती. शुद्धलेखनाची चूक सुधारायची असेल तर? तरीही नवी आवृत्ती. त्याला खर्च काही येत नाही.

याचं एक जवळचं उदाहरण देतो. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'वादळात किती झाडं पडली?' दोन्ही वर्षी तोच मजकूर, पण वादळं वेगळी. शिवाय दुसऱ्या वर्षी काही लोकांनी दोन्ही वादळांची मिळून बेरीज सांगितली. आता मी प्रश्नात वादळाचं नाव आणि महिना घालतो, आणि त्या दोन आवृत्त्या वेगळ्या ठेवतो. 'गेल्या वर्षी', 'यंदा', 'हल्ली' हे शब्द असलेला प्रश्न दिसला की थांबून बघा.

'सूचना' हा कॉलमही सोडू नका. त्यात माहिती गोळा करणाऱ्याला समजावून सांगायचं: इथे 'कलम' म्हणजे कलमी आंब्याचं झाड, रायवळ धरू नये, मालवणीत विचारताना असं विचारावं. दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या मुलाला याचा आधार होतो.

तिसरी पायरी: फॉर्म आणि त्यातले प्रश्न

'फॉर्म' टेबलात सर्वेक्षणाचं नाव, वर्ष, आवृत्ती आणि तो कशाबद्दल आहे ते. 'फॉर्म_प्रश्न' हे जोडटेबल: फॉर्म_क्र, आवृत्ती_क्र, विभाग, अनुक्रम, सक्तीचा आहे का. फॉर्म_क्र आणि आवृत्ती_क्र मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख). तोच प्रश्न पाच फॉर्ममध्ये वापरता येतो आणि प्रत्येक फॉर्ममध्ये त्याची जागा वेगळी असू शकते.

एक सल्ला कळकळीने देतो: एका फॉर्मला एकच विषय ठेवा. कुटुंबाचे प्रश्न (घरात माणसं किती, मुंबईहून पैसे येतात का) आणि बागेचे प्रश्न (कलमं किती, फवारण्या किती) एकाच फॉर्ममध्ये घातले, तर दोन बागा असलेल्या माणसाचं कुटुंब दोनदा मोजलं जातं. कुटुंबाचा एक फॉर्म, बागेचा एक फॉर्म. ज्याच्या दोन बागा त्याच्याकडे बागेचा फॉर्म दोनदा भरायचा.

'हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, नाही तर सोडून द्या' असल्या अटींसाठी 'अट' टेबल: कोणता प्रश्न दाखवायचा, कोणत्या प्रश्नावर अवलंबून, कोणता पर्याय निवडला असेल तर. यापेक्षा गुंतागुंतीच्या अटी डेटाबेसमध्ये कोंबू नका, ते काम मोबाइलवरच्या ॲपचं.

चौथी पायरी: पर्याय

'पर्याय' टेबलात पर्याय_क्र, आवृत्ती_क्र, मजकूर, मूल्य, अनुक्रम, बंद_तारीख. अनुक्रम म्हणजे पडद्यावर कितवा दिसेल. मूल्य म्हणजे विश्लेषणात त्याला कोणता आकडा. 'फवारणीचा खर्च परवडतो का?' याला 'अजिबात नाही' ते 'अगदी सहज' असे पाच टप्पे दिलेत (रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली मोजपट्टी ती हीच), तर कुणीतरी एक दिवस ते उलट क्रमाने दाखवायला सांगणार. अनुक्रम उलटा होईल, मूल्य जागेवर राहील.

पर्याय कधी डिलीट करायचा नाही. बंद_तारीख भरायची, म्हणजे तो नव्या फॉर्मवर दिसत नाही आणि जुनी उत्तरं शाबूत राहतात.

'इतर' हा पर्याय हवाच. 'कीड कोणती?' याला तुम्ही तुडतुडे, थ्रिप्स, फळमाशी लिहिलंत तरी समोरचा स्वतःच्या शब्दांत काहीतरी वेगळं सांगणारच. त्याचे शब्द जसेच्या तसे साठवा. नंतर त्यातून नवा पर्याय तयार केलात तरी मूळ शब्द पुसू नका.

पाचवी पायरी: भेट

'भेट' म्हणजे एका माणसाने एका दिवशी एक फॉर्म भरून घेणं. कॉलम: भेट_क्र, फॉर्म_क्र, बाग_क्र, कुटुंब_क्र, उत्तर देणारी व्यक्ती, विचारणारी व्यक्ती, भेटीची तारीख, सर्व्हरवर पोचल्याची वेळ, संमती, स्थिती. बाग_क्र आणि कुटुंब_क्र यांपैकी नेमका एकच भरलेला असला पाहिजे, अशी चेकची अट घाला (ती न पाळणारी ओळ डेटाबेस नाकारतो).

भेट_क्र साठी १, २, ३ असे आपोआप वाढणारे क्रमांक घेऊ नका. आतल्या वाड्यांमध्ये रेंज नसते. दोघे जण दोन टॅबवर (टॅबलेटवर) दिवसभर काम करतात, दोघांच्याही पहिल्या भेटीला १ क्रमांक मिळतो आणि संध्याकाळी तालुक्याला येऊन डेटा चढवला की एकाची भेट दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. टॅबवरच यूयूआयडी (यंत्राने स्वतः बनवलेला, पुन्हा न येणारा लांब क्रमांक) तयार करा. तो १२८ बिटांचा असतो, दोन टॅबवर तोच आकडा येण्याची भीती धरायचं कारण नाही. तारखेचे दोन कॉलम ठेवले तेही याचसाठी: टॅबचं घड्याळ चुकीचं असू शकतं.

सहावी पायरी: उत्तर

सगळ्या रचनेचा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सर्वसाधारण सल्ला असा मिळतो की 'उत्तर' टेबलात भेट_क्र, प्रश्न_क्र आणि 'किंमत' नावाचा एक मजकुराचा कॉलम ठेवा. दिसायला छान. पण मग त्या कॉलममध्ये '४०', 'चाळीस', '४०-४५', 'माहीत नाही' आणि '१२/०३' हे सगळं शेजारी शेजारी जमा होतं, आणि डेटाबेसने जी राखण करायची ती राखण कुणीच करत नाही. मी ती चूक एकदा केली आहे. मी ठेवतो ते टेबल असं:

उत्तर: उत्तर_क्र, भेट_क्र, फॉर्म_क्र, आवृत्ती_क्र, प्रकार, स्थिती, अंक, मजकूर, तारीख, सांगितलेलं_एकक

भेट_क्र आणि आवृत्ती_क्र मिळून युनिक: एका भेटीत एका प्रश्नाला एकच उत्तर.

फॉर्म_क्र आणि प्रकार हे दोन कॉलम इथे पुन्हा का आणले, असं कुणीही विचारेल. ते पहाऱ्यासाठी आहेत. भेट_क्र आणि फॉर्म_क्र या जोडीची फॉरेन की (इथलं मूल्य समोरच्या टेबलात असलंच पाहिजे, ही अट) 'भेट' टेबलाकडे जाते. फॉर्म_क्र आणि आवृत्ती_क्र या जोडीची फॉरेन की 'फॉर्म_प्रश्न'कडे जाते. दोन्ही मिळून खात्री होते की जो प्रश्न त्या फॉर्ममध्ये नव्हताच, त्याचं उत्तर कुणी घुसवू शकत नाही. तसंच आवृत्ती_क्र आणि प्रकार या जोडीची फॉरेन की 'प्रश्न_आवृत्ती'कडे जाते. मग चेकची अट लिहिता येते: स्थिती 'सांगितलं' असेल आणि प्रकार 'अंक' असेल तर अंक भरलेला, मजकूर आणि तारीख रिकामे, प्रकार 'तारीख' असेल तर फक्त तारीख, प्रकार निवडीचा असेल तर तिन्ही रिकामे. जोडीची फॉरेन की चालायला समोरच्या टेबलात त्या जोडीवर युनिक असावं लागतं, ते आधी घाला. प्रायमरी की आधीच युनिक असल्याने हे युनिक निव्वळ फॉरेन कीच्या सोयीसाठी.

निवडलेले पर्याय वेगळ्या टेबलात:

उत्तर_पर्याय: उत्तर_क्र, आवृत्ती_क्र, पर्याय_क्र, प्रकार, इतर_मजकूर

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल (माहिती टेबलांत ठेवण्याची) पद्धत मांडली, तेव्हापासून एका घरात एकच मूल्य हा पहिला धडा आहे. 'तुडतुडे, थ्रिप्स, फळमाशी' असं स्वल्पविराम देऊन एका घरात लिहिलं, तर 'थ्रिप्स किती बागांत?' याचं उत्तर मजकुरात शोधाशोध करून काढावं लागतं. तीन पर्याय निवडले तर तीन ओळी. आवृत्ती_क्र इथेही नेलं की पर्याय त्याच प्रश्नाचा आहे, दुसऱ्याचा नाही, हे फॉरेन कीच बघते. प्रकार आणला तो 'एकच निवडा' आणि 'अनेक निवडा' यांतला फरक पाळण्यासाठी: ज्या ओळींत प्रकार 'एक' आहे तेवढ्याच ओळींवर, उत्तर_क्र वर अंशतः युनिक इंडेक्स घाला. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोघांतही तो मिळतो. एक गोष्ट मात्र या अटींनी पकडता येत नाही: निवडीच्या प्रश्नाचं उत्तर 'सांगितलं' आहे पण पर्यायाची एकही ओळ नाही. त्यासाठी रोज रात्री चालणारी एक तपासणीची क्वेरी ठेवा.

आता 'स्थिती'. रिकामं घर म्हणजे नेमकं काय? मी पाच स्थिती ठेवतो: सांगितलं, माहीत नाही, सांगायचं नाही, लागू नाही, विचारायचं राहिलं. उत्पन्नाचा प्रश्न आला की बरेच लोक हसून विषय बदलतात. ते 'सांगायचं नाही' आहे, शून्य नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. समजा एका वाडीत पाच बागा आहेत. पहिलीत १२० पेट्या, दुसरीत ८०, तिसरीत मोहोर गळून गेल्याने खरोखर शून्य. चौथा म्हणाला माहीत नाही, पाचव्याने सांगितलं नाही. बरोबर सरासरी आहे २०० भागिले ३, म्हणजे ६६.६७. एसक्यूएलचं (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेचं) सरासरीचं फंक्शन रिकामी घरं सोडून देतं, त्यामुळे हीच येते. पण भरणाऱ्याने शेवटच्या दोघांना शून्य टाकलं तर सरासरी ४० येते, आणि तिसऱ्याचा खरा शून्य 'काहीतरी राहिलं असेल' म्हणून कुणी पुसला तर १००. तीच वाडी, तीच माणसं, तीन वेगळे निष्कर्ष. यावरून नुकसानभरपाईची मागणी लिहायची असेल तर?

कुठे ही पद्धत सोडायची

सगळंच 'उत्तर' टेबलात घालायचं नाही. आमच्या फॉर्मवर जातनिहाय झाडांचा एक तक्ता होता: हापूस, पायरी, केसर, रायवळ आणि पुढे संख्या. एका चाचणी भेटीत एक आजोबा म्हणाले, "कलमां चाळीस आसत, पण धरतत तीसच." विचारणाऱ्या मुलीने घरात ४० लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात ३०. तो समास बघून मी 'झाड_मोजणी' हे स्वतंत्र टेबल केलं: भेट_क्र, जात_क्र, लावलेली, धरती (म्हणजे फळ धरणारी). भेट आणि जात मिळून प्रायमरी की, आणि धरती झाडं लावलेल्यांपेक्षा जास्त नसावीत अशी चेकची अट. जी गोष्ट जगात कायम आहे, दरवर्षी मोजली जाणार आहे आणि जिला स्वतःचे नियम आहेत, तिला स्वतःचं टेबल द्या. येणारे-जाणारे प्रश्न 'उत्तर' टेबलात.

आणि एकदाच होणारं, पंचवीस प्रश्नांचं छोटं सर्वेक्षण असेल तर यातलं निम्मंही लागत नाही. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके (फॉर्म भरून घेण्याची तयार साधनं) वापरा, एक्सेलमध्ये उतरवून घ्या. तोच प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार असाल, तेव्हा मात्र ही मेहनत करा.

एककं

आपल्याकडे जमीन सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असते, बोलण्यात गुंठ्यात आणि एकरात. ४० गुंठ्यांचा एकर, १ एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, आणि म्हणूनच ते बेमालूम मिसळतात. बागायतदाराने जे सांगितलं तो आकडा आणि ते एकक जसंच्या तसं 'उत्तर' मध्ये ठेवा, आणि 'एकक_रूपांतर' नावाच्या टेबलातून गुणक घेऊन रूपांतर करा. रूपांतरित आकडा मूळ आकड्यावर कधीही लिहू नका.

पेटीचं रूपांतर मात्र टेबलातून होत नाही, कारण पेटीत किती डझन हे फळाच्या आकारावर ठरतं. तिथे दुसरा प्रश्न विचारावाच लागतो: पेटी किती डझनाची?

मराठी मजकुराचे सापळे

आपल्या लिपीमुळे येणाऱ्या अडचणी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये (कुठलीही लिपी साठवता येणाऱ्या पद्धतीत) ठेवा. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. पडद्यावर दोन्ही सारखीच, पण डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द. असं अक्षर असलेलं एकच आडनाव मग दोन कुटुंबं होऊन बसतं. साठवण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणा, म्हणजे हे अक्षर सगळीकडे एकाच चिन्हाने लिहिलं जाईल. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फंक्शन आहे.

देवनागरी अंकांचा त्रास अधिक छुपा आहे. कीबोर्ड मराठीवर असताना कुणी '५' लिहिलं तर पोस्टग्रेस अंकाच्या कॉलममध्ये ते घेत नाही, एरर देतं, आणि ते बरंच. एसक्यूलाइटचं साधं टेबल मात्र ते निमूटपणे मजकूर म्हणून ठेवून घेतं आणि बेरीज करताना शून्य धरतं. ॲपमध्येच अंक बदलून घ्या आणि एसक्यूलाइटमध्ये टेबल स्ट्रिक्ट प्रकारचं (चुकीच्या प्रकारचं मूल्य नाकारणारं) करा.

टेबलांची नावं मराठीत ठेवता येतात, मी ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा आणि पाय मोडणंसुद्धा, ३ बाइट घेतं. एकवीस चिन्हांच्या पुढचं नाव कापलं जातं, म्हणून नावं छोटी ठेवा.

लिपीशी संबंध नसलेले दोन सापळे याच ओघात: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक वेळी जोडणी उघडताना ती चालू करावी लागते. आणि मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकची अट मुकाट्याने वाचतात पण पाळत नाहीत. वर सांगितलेला सगळा पहारा या दोन गोष्टींमुळे कोसळू शकतो. मुद्दाम एक चुकीची ओळ घालून बघा, नाकारली गेली पाहिजे.

नाव-गाव वेगळं ठेवा

व्यक्तीचं नाव आणि मोबाइल नंबर 'व्यक्ती_ओळख' या वेगळ्या टेबलात ठेवा आणि ते बघण्याचा हक्क एक-दोघांनाच द्या. विश्लेषण करणाऱ्याला व्यक्ती_क्र पुरतो. आधार क्रमांक घेऊच नका, सर्वेक्षणाला तो लागत नाही. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

शिवाय नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. वाडीत घरं सातच. 'दोनशे कलमं, बाग कराराने, कर्ज थकलेलं' एवढं छापलं की सगळ्या गावाला कळतं कोण ते. म्हणून मी बाहेर देण्याच्या तक्त्यांसाठी व्ह्यू (मूळ टेबलांतलं हवं तेवढंच दाखवणारा तक्ता) करतो, आणि ज्या वाडीत पाचपेक्षा कमी भेटी आहेत तिचे आकडे गावाच्या आकड्यांत मिळवतो.

आकडे परत रुंद करणं

ज्यांना अहवाल लिहायचा असतो त्यांना शेवटी एका बागेची एक ओळ, एका प्रश्नाचा एक कॉलम, असाच तक्ता हवा असतो. तो द्या, पण व्ह्यू म्हणून. 'भेट' पासून सुरुवात करा, 'उत्तर' जोडा, 'प्रश्न_आवृत्ती' मधून 'प्रश्न' पर्यंत जा, आणि प्रत्येक प्रश्नाच्या संकेताप्रमाणे अंक वेगळ्या कॉलममध्ये काढा. 'उत्तर' हे लेफ्ट जॉइनने जोडा, नाहीतर ज्यांचं एकही उत्तर आलेलं नाही त्या भेटी गुपचूप गळतात. 'पेटी' आणि 'डझन' या दोन आवृत्त्या असतील तर व्ह्यूमध्ये दोन कॉलम येऊ द्या. त्या जोडायच्या की नाही हे माणसाने डोळ्यांनी बघून ठरवावं.

दुरुस्ती करताना जुनं उत्तर खोडू नका. 'उत्तर_दुरुस्ती' टेबलात जुना आकडा, नवा आकडा, कुणी, कधी, का, हे लिहा. फोन करून खात्री केली असेल तर तेही.

टॅब वाड्यांवर पाठवण्याआधी

कागदावर भरलेले चार फॉर्म घ्या आणि हाताने डेटाबेसमध्ये घाला. एक, दोन वेगळ्या वाड्यांत बागा असलेल्या माणसाचा, एक सामायिक सातबाऱ्याचा आणि कराराने दिलेल्या बागेचा, एक ज्याने निम्म्या प्रश्नांना नकार दिला त्याचा आणि एक मागच्या वर्षीच्या जुन्या फॉर्मवरचा. यांपैकी एकासाठी जरी नवा कॉलम काढावासा वाटला, तर पहिल्या पायरीवर परत या आणि पेन्सिल हातात घ्या. चारही जसेच्या तसे बसले की टॅब चार्जिंगला लावा.